दिवे तीन, पण भानगड बहुतेक एकच

या वेळचं पत्र इंग्लंडातून, लेस्टरहून आलंय. पत्र चार पानी होतं, कामापुरतं ठेवून बाकीचं कापलंय.

"काका, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, इथे येऊन अकरा वर्षं झाली. चाळिशीनिमित्त स्वतःलाच गिफ्ट म्हणून २००१ ची पोर्श बॉक्सस्टर एस घेतली, जुनी, एक लाख मैल झालेली. गाडी मस्त पळते. पण हवा दमट असली की सकाळी चालू केल्या केल्या एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक न होऊ देणारी यंत्रणा) आणि पीएसएमचे (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दिवे लागतात, अजून गेटच्या बाहेरही पडलेलो नसतो. कधीकधी जोडीला एअरबॅगचा. पाच-सात मैलांनी बंद करून परत चालू केली की पहिले दोन जातात, एअरबॅगचा राहतो. मग चार-चार दिवस एबीएस-पीएसएमचं काही नाही. रात्री हेडलाइट, वायपर, ब्लोअर, सीटचा हीटर सगळं एकदम चालू असलं की एबीएस परत लागतो. गॅरेजवाल्याने मागच्या उजव्या चाकाचा एबीएस सेन्सर बदलला, १६० पौंड घेतले, दोन आठवडे बरं होतं, मग पुन्हा तेच. आता म्हणतो एबीएसचं मोड्यूलच (कंट्रोलचा डबा) गेलंय, नवीन घालावं लागेल, हजाराच्या वर जाईल. पुढच्या महिन्यात एमओटी (इथली गाडीची वार्षिक तपासणी) आहे. बायको म्हणते विकून टाक. बाबा सांगलीहून फोनवर म्हणतात, दिवे लागतायत ना, मग चांगलंच की, आमच्या फियाटचे तर लागतच नव्हते. काय करू?"

काका म्हणालास म्हणजे मी अरेतुरे करायला मोकळा झालो. तर पहिलं काम, उद्या सकाळी त्या गॅरेजवाल्याला फोन करून सांग की मोड्यूल मागवू नको, थांब. मागवून झालं असेल तर गोड बोलून परत करायला लाव. मोड्यूल खराब असूच शकत नाही असं मी म्हणत नाहीये, पण तू जे लिहिलंयस त्यात मोड्यूलकडे बोट दाखवणारं मला एकही वाक्य सापडलं नाही, आणि दुसरीकडे बोट दाखवणारी निदान तीन सापडली.

सांगलीचा आहेस म्हणजे घरी गणपतीच्या मखराला माळ लावलीच असणार. ती माळ मधूनच लुकलुकायला लागली, म्हणजे अख्खी माळ, एखादा बल्ब नाही, तर आपण काय करतो? एकेक बल्ब काढून बदलत बसतो का? नाही ना, भिंतीतला प्लग हलवून बघतो. आता एबीएस वेगळं, एअरबॅग वेगळी, दोघांचे डबे वेगळे, वायरिंग वेगळं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि तरी दोघं एकाच सकाळी रडतात. मग दोघांत कॉमन काय आहे? बॅटरीतून येणारा करंट, तो परत जायची अर्थिंग, आणि मधला इग्निशन स्विच. एवढंच. (पीएसएमचा दिवा मी वेगळा धरतच नाही, तो एबीएसच्याच डब्यावर चालतो, एबीएस रुसला की पीएसएम बसलाच.)

हे डबे असे का वागतात तेही समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी कुणी फसवणार नाही. तू किल्ली फिरवलीस की एबीएसचं मोड्यूल आधी स्वतःची तपासणी करतं, मला पुरेसे व्होल्ट मिळतायत का, सेन्सरच्या वायरी जोडलेल्या आहेत का, पंपाचा रिले ठीक आहे का. त्याच वेळी सेल्फ मारताना स्टार्टर मोटर शेकडो अँपिअर ओढते, बॅटरी क्षणभर खाली बसते, ती दहा व्होल्टच्या आसपास किंवा खाली गेली की मोड्यूल म्हणतं एवढ्यात मी जबाबदारी घेत नाही, आणि दिवा लावून बाजूला बसतं. ते आजारी नाहीये रे, उपाशी आहे. उपाशी माणसाला चक्कर आली तर आधी ताट वाढतात, सरळ एमआरआयला नेत नाहीत. मग तू पाच-सात मैल चालवतोस, ऑल्टरनेटर बॅटरीला थोडंफार भरतो, इंजिन गरम म्हणून सेल्फही हलका फिरतो, त्यामुळे दुसऱ्यांदा तपासणी पास. तुझं ते 'बंद करून परत चालू केली की जातात' हे वाक्य म्हणून माझ्यासाठी सोन्याचं आहे. 'गेटच्या बाहेरही पडलेलो नसतो' हे दुसरं. चाकाचा सेन्सर सिग्नल देण्याच्या कामात मार खात असेल तर दिवा बहुतेक वेळा चाक फिरायला लागल्यावर लागतो, थोडा वेग घेतल्यावर, नाहीतर वळणावर, नाहीतर खड्ड्यात. उभ्या गाडीत, तेही फक्त दमट सकाळी लागतो तेव्हा सेन्सर बदलणाऱ्याने तुला एवढं तरी विचारायला हवं होतं की बाबा, दिवा लागतो तेव्हा गाडी चालत असते का उभी. बहुधा विचारलं नसणार. तिसरं वाक्य रात्रीचं, सगळं चालू केलं की लागतो हे. त्याच्याकडे येतोच.

मी सांगतोय ते पुस्तकातलं नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात एका वायरमनच्या हाताखाली चार वर्षं काढली, वस्तादांकडे मीटर नव्हता, एक बल्ब, दोन वायरी आणि एक चिमटा, बस. फियाट, अँबॅसिडर, टेम्पो, काहीही येऊ दे, वस्ताद आधी बॅटरीचं टर्मिनल हाताने पिळून बघायचे. मग अर्थिंग. मग गिऱ्हाइकाचं ऐकायचे. आम्ही पोरं हसायचो. नंतर इकडे आलो आणि तुझ्यासारखंच वेड लागलं, २००२ ची बॉक्सस्टर घेतली, आठ वर्षं सांभाळली, आणि एवढं शिकलेला मी स्वतःच फसलो. एअरबॅगचा दिवा यायचा, पुसला की परत यायचा. एका गॅरेजने सांगितलं ड्रायव्हरच्या बेल्टचं बकल, या गाड्यांचा तो नेहमीचा रोग, आणि ते खोटंही नाही, बकलमधला स्विच खरंच जातो. बदललं. महिनाभराने परत दिवा. मग म्हणाले सीटखालचा कपलर (वायरी जोडायचा प्लग). तोही केला. शेवटी एका रविवारी वस्तादांची आठवण आली आणि पुढचं बॉनेट उघडून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल पिळलं तर ते अंगठीसारखं फिरलं. वरून बघशील तर लखलखीत, नट पण घट्ट. काढून आत बघितलं तर क्लॅम्पच्या आतल्या बाजूला राखाडी, खडूसारखा थर, आणि बॅटरीचा खांब एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला, कारण आधीच्या कुणीतरी भलत्याच मापाची बॅटरी बसवून क्लॅम्प ताणून दाबून बसवला होता. पॉलिश पेपर, दहाचा पाना, अर्धा तास. दिवा स्कॅनरने (डब्यांनी नोंदवलेले दोष, म्हणजे कोड, वाचून पुसणारं यंत्र) एकदा पुसला, नंतर गाडी विकेपर्यंत आला नाही. बकलचे पैसे अर्थातच गेले.

तर तूही तिथूनच सुरुवात कर. तुझ्या गाडीत बॅटरी पुढच्या डिकीत, मागच्या बाजूला काचेच्या दिशेने, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली आहे. झाकण काढलंस की आधी आजूबाजूच्या खाचेत पानं, चिखल साचलाय का बघ, तिथलं पाणी जायची भोकं बुजतात आणि मग बॅटरीभोवती डबकं. आता एक गोष्ट ठळक लक्षात ठेव, २००१ पासूनच्या गाडीत पुढच्या डिकीचं झाकण करंटवर उघडतं, त्यामुळे बॅटरी सोडवलेली असताना डिकी चुकूनही लावू नकोस, नाहीतर बॅटरी आत आणि तू बाहेर, मग फ्यूजबॉक्समधून बाहेरून करंट देऊन उघडायचे उद्योग करावे लागतात. मी ते केलंय, पावसात, बायको छत्री धरून उभी. निगेटिव्ह आधी काढायचं, लावताना शेवटी. रेडिओ कोड मागू शकतो, तो आधी शोधून ठेव. परत जोडल्यावर दारांच्या काचा त्यांची जागा विसरतात, पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धर. पीएसएमचा दिवा तेव्हा लागला तर दचकू नकोस, स्टेअरिंगचा अंदाज परत घेईपर्यंत तो राहतो, थोडं चालवलं की जातो.

मल्टिमीटर आहे का? नसेल तर वीसेक पौंडांचा घे, हजाराच्या मोड्यूलपेक्षा स्वस्त पडेल. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी काहीही न करता बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसायला हवं. १२.२ दिसलं म्हणजे अर्धी रिकामी. मग सूनबाईंना गाडीत बसव, त्यांना सेल्फ मारायला सांग आणि तू मीटरकडे बघ, आकडा खाली जाऊन वर येईल, तो खाली किती गेला ते बघायचं, दहाच्या वर राहिला तर ठीक, नऊवर आपटला तर बॅटरी म्हातारी आहे किंवा कुठेतरी अडतंय. साध्या मीटरला तो क्षण नीट पकडता येत नाही, मिनिमम धरून ठेवणारं बटण असलेला मीटर मिळाला तर तो घे. इंजिन चालू झालं की १३.८ ते १४.४ च्या दरम्यान. आता तुझी ती रात्रीची गंमत कर, हेडलाइट, ब्लोअर फुल, वायपर, दोन्ही सीट हीटर. आकडा साडेतेराच्या आसपास टिकला तर छान. १२.५ वर घसरला तर तिथेच थांब, एबीएस हा विषय बाजूला ठेव, तुझी गाडी चार्जच होत नाहीये धड.

आणि इथे या मॉडेलची एक खास खोड आहे, ती गॅरेजवाल्यालाही माहीत असायला हवी होती. इंजिन मध्ये, बॅटरी पुढे, म्हणजे ऑल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत करंटला लांबचा प्रवास. त्यातला ऑल्टरनेटर ते स्टार्टर हा केबलचा तुकडा इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षं शिजतो, टोकाला जिथे डोळा (बोल्टला अडकवायची कडी) दाबून बसवलेला असतो तिथून ओल आत शिरते, आणि इन्सुलेशनच्या आत तांबं हिरवं-काळं पडत जातं. बाहेरून केबल नव्यासारखी. लोक ऑल्टरनेटर बदलतात, बॅटरी बदलतात, तरी तेच, कारण माल तयार होतोय पण रस्त्यात सांडतोय. तपासायची रीत सोपी आहे, जागा मात्र अडचणीची. इंजिन चालू, सगळे लोड चालू, मीटरचं एक टोक ऑल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. मधे वायर लांब लागते, मी जुन्या एक्स्टेन्शन बोर्डाची कापली होती. दोन्हीकडे पॉझिटिव्हच आहे, मग मीटर शून्याच्या जवळ दाखवायला हवा, तीन-चार दशांशापर्यंत चालेल, पण एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला. अर्थिंगचंही तसंच, एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर, एक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दोन दशांशाच्या वर गेलं तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं घासून परत घट्ट कर, तुटत आली असेल तर नवी घाल. ऑल्टरनेटरपर्यंत पोचायला छप्पर अर्धं उघडून वरचं झाकण काढावं लागतं, सवय नसेल तर हा भाग गॅरेजला सांग, पण हे शब्द वापरून सांग, "लोडवर व्होल्टेज ड्रॉप मोजून द्या, आकडा लिहून द्या". नुसतं "इलेक्ट्रिकल चेक करा" म्हणालास तर परत स्कॅनर लावून एखादा पार्ट बदलतील.

बॉक्सस्टरच्या डॅशबोर्डवर व्होल्टमीटर नाही, त्याच काळातल्या मोठ्या ९११ ला होता, हे मला आजवर पटलेलं नाही. म्हणून सिगारेट लायटरच्या खाचेत खुपसायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो पाच-सात पौंडांना, तो घेऊन लाव. बॅटरीपेक्षा दोन-तीन दशांश कमी दाखवेल, हरकत नाही. दिवा लागला त्या क्षणी त्यावर काय होतं एवढंच आपल्याला हवंय. आणि एक वही ठेव गाडीत. खरंच. तारीख, पाऊस होता का, गाडी उभी होती का चालत होती, काय काय चालू होतं, किती व्होल्ट. अधूनमधून येणारा दोष गॅरेजमध्ये गेल्यावर हमखास गायब होतो, दातदुखीसारखा, तिथे तुझी वही हाच पुरावा.

व्होल्टेज सगळीकडे ठणठणीत निघालं तर पुढचा संशयित इग्निशन स्विच. किल्लीच्या कुलपाच्या मागे एक छोटा प्लॅस्टिकचा इलेक्ट्रिक भाग असतो, आतले कॉन्टॅक्ट झिजतात, मग किल्ली फिरवून परत आली तरी आतला कॉन्टॅक्ट अर्धवटच टेकलेला राहतो. गाडी उभी करून, हँडब्रेक लावून, इंजिन चालू असताना किल्ली अगदी हलक्या हाताने डावी-उजवीकडे डुगडुग कर. चालत्या गाडीत हे करायचं नाही, चुकून बंद झाली तर स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतील. रेडिओ तुटला, ब्लोअर अडखळला, दिवा लुकलुकला, तर स्विच. चांगली बातमी अशी की हा तुकडा आऊडी-फोक्सवॅगनच्या खानदानातला आहे, सुटा मिळतो, स्वस्त मिळतो, पूर्ण कुलूप बदलायची गरज नसते, कुणी पूर्ण कुलपाचं बिल सांगितलं तर दुसरीकडे जा. वाईट बातमी अशी की डॅशबोर्डखाली पाय वर, डोकं पेडलजवळ अशा अवस्थेत दोन बारीक स्क्रू सोडवायचे असतात, त्यांच्यावर लाल रंग घातलेला असतो आणि ते मेले सुटत नाहीत. चाळिशी झालीय म्हणालास, मानेचा विचार करून ठरव. आणि किल्लीला घराच्या, ऑफिसच्या, सायकलच्या किल्ल्यांचा जुडगा लटकवतोस का? काढून टाक आजच, दिवसभर तो कुलपाला हिसके देत असतो.

दमट हवेचा धागा मी विसरलो नाहीये. बॅटरी, टर्मिनल, केबल सगळ्यांना ओल बाधतेच, पण तुझ्या गाडीला कापडी छप्पर आहे, आणि छपराचं पाणी वाहून न्यायला दारांच्या मागे दोन्ही बाजूंना नळ्या असतात. इंग्लंडातली पानगळ त्यात गेली की त्या तुंबतात, मग पाणी थेट केबिनमध्ये, कार्पेटखाली. आणि नेमकं सीटखाली, जमिनीलगत, अलार्म आणि इमोबिलायझरचा (किल्ली ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारा) डबा बसवलेला आहे. कुणाच्या डोक्यातून आलं कोण जाणे, उघड्या छपराच्या गाडीत सगळ्यात खोलगट जागी इलेक्ट्रॉनिक्स! छप्पर अर्धं उघडून त्या खाचांत बाटलीने थोडं थोडं पाणी ओत, गाडीखाली पडलं पाहिजे. नाही पडलं तर मऊ नळी किंवा प्लॅस्टिकची तार घालून हलक्याने मोकळं कर, कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नकोस, आतली नळी जोडातून सुटते. सीटखाली कार्पेटवर हात दाबून बघ, चिकट ओल लागली तर सगळं सोडून आधी ते वाळव. तो डबा भिजून मेला तर दिव्यांचा प्रश्न राहत नाही, गाडीच चालू होत नाही.

सीटखाली हात घालतोयसच तर कडक सूचना, तिथे पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे. त्यांना मीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर अजिबात नाही, किल्ली चालू असताना काढायचे नाहीत. आमच्या वस्तादांचा बल्ब फियाटला चालायचा, इथे तोच बल्ब एअरबॅग फोडू शकतो. बॅटरी सोडव, थोडा वेळ जाऊ दे, मग कपलर नीट बसलाय का एवढंच बघ. किल्ली चालू ठेवून यातला एखादा कपलर काढलास तरी दिवा लागतो, आणि बॅटरी खाली बसल्यावरही लागू शकतो, आणि एकदा लागला की स्वतःहून जात नाही, स्कॅनरनेच पुसावा लागतो. म्हणून तुझा एअरबॅगचा दिवा एबीएससारखा परत चालू केल्यावर जात नाही, तो जास्त बिघडलाय म्हणून नव्हे, त्याचा स्वभावच डूख धरण्याचा आहे.

स्कॅनरचं म्हणशील तर तो बाजारातला वीस पौंडांचा ब्लूटूथवाला फक्त इंजिनाशी बोलतो, एबीएस आणि एअरबॅगचे कोड त्याला दिसत नाहीत. पोर्शची भाषा येणारा लागतो, हौशी लोक ड्युरामेट्रिक वापरतात, नाहीतर पोर्शचं काम करणारा एखादा स्वतंत्र गॅरेजवाला गाठ. त्याला सांग की पुसायच्या आधी सगळ्या मोड्यूलचे कोड काढून कागदावर दे. एकाच डब्यात सेन्सरचा कोड असेल तर सेन्सर. पण एबीएसमध्येही सप्लाय व्होल्टेजचा कोड, एअरबॅगमध्येही सप्लाय व्होल्टेजचा कोड असं दिसलं तर मी वर जी रामकहाणी लावलीय तिच्यावर शिक्का बसला. कोड म्हणजे तक्रार अर्ज असतो, निकालपत्र नाही. अर्जात 'मागचं उजवं चाक' लिहिलेलं असलं तरी वायर, कपलर, सेन्सर, व्होल्टेज यातलं नक्की कोण ते मोजूनच कळतं.

समज हे सगळं करून काही निघालं नाही. मग ब्रेक पेडलवरचा स्विच बघ. या गाड्यांत तो गेला की पीएसएमचं डोकं फिरतं, कारण पेडल दाबलंय का नाही याच्या दोन वेगळ्या खबरा येतात आणि जुळत नाहीत. मागे कुणाला तरी उभं करून ब्रेकचे दिवे प्रत्येक वेळी लागतात का, सोडल्यावर विझतात का ते बघायला सांग. त्यानंतर चाकांच्या सेन्सरचे कपलर. आणि मग, सगळ्यात शेवटी, मोड्यूल. तेव्हाही नवीन नको, तुझंच काढून रिपेअरला पाठवता येतं, इंग्लंडात हे काम करणारे बरेच आहेत, नव्याच्या मानाने पुष्कळ कमी पैशात होतं.

एमओटीचं असं आहे की एबीएसचा किंवा एअरबॅगचा दिवा पेटलेला राहिला तर फेल, त्यात बोलायला जागा नाही. कुणी सुचवेल की दिवाच काढून टाक. नको. किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागून विझतो का हे एमओटी करणारा बघतो, लागलाच नाही तर त्यालाही फेल. एक महिना पुरेसा आहे, टर्मिनल आणि मोजमाप याच शनिवारी करून टाक. तोवर गाडी चालवायला हरकत नाही, एबीएसचा दिवा असताना साधे ब्रेक चालतात, फक्त ओल्या रस्त्यावर जोरात दाबलास तर चाक लॉक होईल, अंतर जास्त ठेव. एअरबॅगचा लागलेला असेल तर असं धरून चाल की एअरबॅग नाहीच. आणि हे सगळे लाड या तीन दिव्यांचे आहेत बरं का. ऑइल प्रेशरचा लाल लागला तर पुढच्या वळणापर्यंतही जायचं नाही, तिथेच बाजूला घेऊन बंद. टेंपरेचरच्या काट्याजवळचा छोटा दिवा लुकलुकला तर आधी कूलंटची पातळी, टाकी मागच्या डिकीत आहे आणि जुनी झाली की तिला चिरा जातात. 'अधूनमधून लागतो, लूज कॉन्टॅक्ट असेल' हे त्या दोघांच्या बाबतीत म्हणायचं नाही.

सूनबाईंना सांग की एवढ्यात विकू नका, दिवे लागलेली बॉक्सस्टर कवडीमोलात जाते आणि घेणारा अर्ध्या तासात टर्मिनल घासून दुप्पट भावाला विकतो. हत्ती पोसायलाच घेतलाय तर निदान चारा कुठे सांडतोय ते बघा. बाबांना नमस्कार सांग. त्यांच्या फियाटला दिवे लागत नव्हते कारण डॅशबोर्डवर लावायला फारसे दिवेच नव्हते, आणि वस्तादांच्या भाषेत बोलायचं तर त्या गाडीत बिघडायला होतंच काय.

पुढच्या पत्रात मला चार आकडे हवेत: सकाळचा उभ्या गाडीचा, सेल्फ मारतानाचा सगळ्यात खालचा, सगळं चालू असतानाचा, आणि ऑल्टरनेटर ते बॅटरीचा फरक. सोबत निगेटिव्ह टर्मिनलच्या आतल्या बाजूचा फोटो, घासायच्या आधीचा.